डाव्या हाताचा किलो

मित्रांनो, मी भाजीच्या तराजूतला एक जुना, किलोचा लोखंडी ठोकळा आहे. एक्क्याण्णव साली मखमलाबादच्या भागुबाईंकडे आलो. रोज मेथी, वांगी तोलायची आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर बसून हळदकुंकू लावून घ्यायचं. लोक पाया पडत. मला काही वाटत नसे.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात भागुबाई बांधावरून घसरल्या. डावा हात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा दंड पार वाळलेला. भाजीची पाटी डोक्यावर चढवताना उजवा हात वर जाई, डावा अर्ध्यात थांबे आणि टोमॅटो रस्त्यावर सांडत. त्या खाली बसून उजव्या हाताने ते वेचत.

मुलगा भिमाजी म्हणाला, "आई, संक्रांतीपर्यंत बघू. नायतर बाजारातली जागा सोडून देऊ."

ती जागा भागुबाईंना सासूकडून मिळालेली.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी रूपाली म्हणाली, "मावशी, घरातलं किलोचं माप उचला. आधी डाव्या हातानं. तो दमला की थांबायचं. डाव्यानं जितक्या वेळा, उजव्यानं तितक्याच. जास्त नाही."

भागुबाईंनी घरी येऊन मला नमस्कार केला आणि उजव्या हातात घेतलं! लक्ष्मीला डावा हात कसा लावायचा?

"अंगात रगत एकच हाय," त्या सुनेला, छायाला म्हणाल्या. "हिकडची ताकद जाईल तिकडं."

कुठली जाते! दोन महिने हेच चाललं. उजवा दंड आणखी भरला, डावा होता तसाच. पाटी जास्तच कलंडू लागली.

दिवाळीला भिमाजीने इलेक्ट्रॉनिक काटा आणला. पाटावर तो बसला, हळदकुंकू त्याला लागलं. मी दाराआड पडून राहिलो. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भागुबाईंनी विचारलं, "आता हा पूजेत नाय ना?"

"नाय," छाया म्हणाली.

त्यांनी मला डाव्या हातात घेतलं. चार वेळा उचललं आणि हात दमला. मग उजव्याने चारच वेळा. पुढच्या आठवड्यात सहा. पौष लागला तेव्हा पंधरा.

संक्रांतीच्या सकाळी भिमाजी पाटीला हात लावायला पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे," भागुबाई म्हणाल्या. पाटी वर गेली, सरळ. पाटीत नवा काटा होता. त्या बाजाराला निघाल्या. मी दाराआडच राहिलो.

मित्रांनो, दुबळ्या बाजूला आधी काम द्या आणि दमदार बाजूला तिच्यासाठी थांबायला सांगा. आणि घरात एखादा जुना ठोकळा पडला असेल, तर त्याला भंगारात घालू नका. भागुबाईंच्या डाव्या तळव्याची ऊब तेवढी मला अजून आठवते.