डिस्कचा धुरा

पवनीच्या आमच्या मच्छीमार संघात कॉम्प्युटर आला १९८८ साली, आणि हेडक्लार्क म्हणून तो माझ्या बोडक्यावर बसला. आत वीस एमबीची एकच डिस्क, आणि तिच्यावर नांदणार दोघं, कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन प्रणाल्या: आमच्या याद्यांसाठी डॉस, जिल्ह्याच्या नव्या प्रोग्रामसाठी झेनिक्स. दोघांना एका जागेत चालत नाही म्हणे. नागपूरच्या इंजिनिअरनं मलाच विचारलं, "गोपीचंदभाऊ, कोणाले किती देऊ?"

मला काय ठाऊक? दोन भाऊ असले की निम्मंनिम्मं, एवढंच मला येतं. त्यानं दहा-दहा केलं, झेनिक्सची बाजू रिकामी ठेवली आणि गेला.

डॉसच्या बाजूला सत्यवतीनं तीन महिने खपून आसगाव, कोंढा अशा गावोगावच्या तलावांवरच्या मासेमारांची नावं भरली. चोवीसशे नावं. पोरगी रोजंदारीवर होती. तीस तारखेला यादी भंडाऱ्याला पोचली तर तिला कायम करू, असं अध्यक्ष मधुकररावांनी कबूल केलं होतं.

सव्वीसला इंजिनिअरचा ट्रंककॉल आला. "झेनिक्सले दहा पुरत नाही, बारा लागते. अठ्ठावीसले येतो, मग पाहू."

मग पाहू! मला काय दगड समजतो? वाटणी करताना मी त्याच्या मागंच उभा होतो. आणि आमच्याकडं धान उभा असतानाही धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, दोन हात सरकवतात. काठच्या एकदोन ओळी तुडवल्या जातात, बाकी पीक जागच्या जागी राहतं. जेवणाच्या सुट्टीत मी बसलो. आधीची वाटणी मोडल्याशिवाय नवी होईना. पडद्यावर इंग्रजीत आलं की यातलं सगळं जाईल, चालेल का? मला वाटलं, सरकवलेल्या दोन एमबीतलं. तिथं तर काहीच नव्हतं. मी वाय, म्हणजे हो, दाबला आणि आठ-बारा केलं.

नावं दिसेनात. बंद केलं, चालू केलं, पुन्हा दहा-दहा करून पाहिलं. धुरा जागेवर आला, पण धान कुठं गेला ते मला कळेना.

सत्यवती डबा धुऊन आली. मी सगळं सांगितलं.

"भाऊ, घरचा धुरा सरकवता त भावाले उभा करता ना? मंग मले काहून नाई इचारलं?"

लाज वाटली, फार लाज वाटली.

भरलेल्या यादीची दुसरी प्रत नव्हती, आणि चार दिवसांत चोवीसशे नावं पुन्हा भरून होणार नव्हती. मधुकररावांना मी स्वतः सांगितलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तुमची असन. पन यादी नाई त कायम कशी करू तिले?" एक तारखेपासून तिची रोजंदारीही बंद झाली. मी कायम होतो. मला कोणी काहीच केलं नाही.