कापलेलं माळरान

पाच दिवसांच्या तापातून उठून माळीणबाई कामावर निघाल्या, तेव्हा त्यांचे यजमान दारात उभे राहून गालातल्या गालात हसत होते.

"एवढं काय झालं हसायला?"

"जा तर खरी. कळेल," म्हणून ते आपल्या गॅरेजकडे वळले. ते गाड्या दुरुस्त करायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि या माणसाच्या पोटात साधी दुकानातल्या भांडणाची गोष्ट राहत नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे मौज वाटली, पण त्या फार विचारात पडल्या नाहीत. डोक्यात एकच होतं, कधी एकदा माळरानावर पोचते.

बाईंची नोकरी गावाबाहेरच्या वनस्पती उद्यानात होती. बाहेरून आणलेलं एकही झाड तिथं नव्हतं. त्या मुलखात आपणहून उगवतं तेवढंच, पण सगळं: तळ्याकाठचं, खडकातलं, जंगलातलं आणि माळावरचं. माळरान बाईंकडे होतं. नऊ वर्षांपूर्वी तिथं विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं पडलेली होती. बाईंनी रुळांच्या कडेनं, जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यातून, पडीक वावरांतून मुठीमुठीनं बी गोळा करून तिथं चोवीस जातींची गवतं उभी केली होती. त्यांच्या बुडाशी एक बोटभर उंचीचं, निळ्या फुलांचं रोप होतं. बाई त्याला थेंब म्हणायच्या, पुढे उद्यानात सगळेच म्हणायला लागले. ते एकाच उतारावर उगवायचं, आणि त्या उतारावरून आता रस्ता गेला होता. उरलेली अकरा रोपं काय ती इथं. थेंब वर्षभरात मरायचा आणि स्वतःच्याच बियांतून पुन्हा उगवायचा. या आठवड्यात त्याच्या शेंगा पिकायच्या होत्या, आणि नेमका याच आठवड्यात बाईंना ताप आला होता.

तळ्याला वळसा घालून बाई पुढे आल्या आणि थबकल्या. आपण वाट चुकलो असंच त्यांना आधी वाटलं. त्या मागे फिरल्या, पाटी वाचली, ‘माळरान’. पाटी जागच्या जागी होती.

पाटीमागे काहीच नव्हतं. अगदी जमिनीबरोबर सगळं गवत सपाट कापलेलं होतं. कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. पालापाचोळा झाडून नेलेला, आणि भिंतीलगत कापलेल्या गवताचे सहा ढीग, एकसारखे रचलेले. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं ते.

थेंब होता तिथं बाई जाऊन बसल्या आणि हातानं जमीन चाचपायला लागल्या. खुंट लागत होते, खडे लागत होते. अकरातलं एकही रोप हाताला लागलं नाही.

तेवढ्यात वॉचमन हसत हसत आला. "बाई, बघितलंत ना? रविवारी उजाडता आले होते, मशीन घेऊन. दुपारपर्यंत पाठ टेकली नाही हो त्यांनी. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

"कुणाचा नवरा?"

"म्हणजे काय? तुमचे मिस्टर!"

बाई उठल्या आणि चालायला लागल्या. अर्ध्या तासाची वाट त्यांनी कशी काढली ते त्यांना नंतर आठवेना. यजमान एका गाडीखाली शिरलेले होते. पावलं ओळखून ते सरपटत बाहेर आले.

"बघितलंस? दुरुस्तीला गवत कापायचं मशीन आलं होतं. म्हटलं, चालवूनही बघू आणि तुझं कामही…" बाईंचा चेहरा बघून ते थांबले. "काय झालं?"

"काय केलंत हो हे?"

"अगं, तूच तापात सारखी म्हणत होतीस. गवत डोक्याएवढं झालंय आणि मी इथं पडलेय!"

"आनंदानं म्हणत होते मी! डोक्याएवढं झालं म्हणून! बी धरायचं होतं त्याचं!"

यजमानांच्या हातातला पाना तसाच राहिला. "म्हणजे ते… काढायचं नव्हतं?"

"नऊ वर्षं लागली मला ते लावायला."

"लावायला?" त्यांनी अगदी भाबडेपणानं विचारलं. कापलेलं रान बघून बसला नव्हता एवढा धक्का त्यांना त्या एका शब्दानं बसला.

"मी तिथं काय करते असं वाटत होतं तुम्हाला?"

"माळीकाम. गवत उपटायचं, पाणी घालायचं…" ते खाली बघत म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तू तरी कधी म्हणालीस का गं, चला, दाखवते?"

बाई खरंच कधी म्हणाल्या नव्हत्या. यांना काय कळणार, असं धरूनच चालल्या होत्या.

यजमानांनी हात पुसले, भर सकाळी शटर ओढलं आणि ते बाईंबरोबर थेट अधीक्षकांच्या खोलीत गेले. सगळं ऐकून अधीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वर लेखी कळवावं लागेल," ते म्हणाले.

"कळवा. नाव माझं लिहा. हिचं कुठं येऊ देऊ नका."

"ते बघू मागाहून. आधी ढीग फोडा. आतून तापले तर आहे ते बीसुद्धा जाईल."

ढिगात हात घातला तर आत खरंच ऊब धरली होती. सगळ्यांनी मिळून ताडपत्र्यांवर गवत पसरलं. उंच गवतांचं बी बरंचसं पिकलेलं होतं, ते वाचलं. थेंबासाठी मात्र काडी अन् काडी चाळावी लागली. चार दिवस नवराबायको गुडघ्यांवर बसून होते. एकोणीस शेंगा सापडल्या. सगळ्या हिरव्या, कोवळ्या.

"हिरव्यातून येईल का गं?" यजमानांनी विचारलं.

"पेरून बघायचं," बाई म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या त्यांच्याशी एवढंच बोलल्या.

पुढच्या हंगामात गवतं उगवली. चोवीसपैकी बावीस जाती बाईंनी मोजल्या. यजमान रोज गॅरेज उघडायच्या आधी तिथं उकिडवे बसायचे आणि प्रत्येक कोंबाला बोट लावून विचारायचे, "हा का?" बाई नकारार्थी मान हलवायच्या आणि जे असेल त्याचं नाव सांगायच्या. हळूहळू त्यांना पंधरा-सोळा गवतं ओळखता यायला लागली.

फुलायचे दिवस आले आणि गेले. थेंब आला नाही. एका सकाळी अधीक्षकांनी तिथली थेंबाच्या नावाची छोटी पाटी काढून ठेवायला सांगितलं. यजमान म्हणाले, "मी काढतो." स्क्रू गंजले होते, तरी त्यांनी बाईंना हात लावू दिला नाही. पाटी निघाली तेव्हा ती हातात धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले.

"कसा दिसायचा गं तो?"

बाईंनी करंगळीचं नख पुढे केलं. "एवढा. आणि निळा."