ग्रुपला कुंपण कुठे असतं

दुपारपासून ग्रुपवर कुणीही काही लिहिलेलं नव्हतं.

ही शांतता रिकामी मात्र नव्हती. माणसं तिथे होती. नालोंगोंच्या शेवटच्या ओळीखाली वाचून झाल्याच्या खुणा एकामागून एक उमटत होत्या. मयताच्या अंगणात कुणीतरी चुकून मोठ्याने हसावं आणि बाकीच्यांनी आपापल्या पायांच्या बोटांकडे पाहत राहावं, तसा तो ग्रुप बसून होता. ओळ साधीच होती. "हे कोण बोललं? कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुठल्या कुळाचा?"

मासाकाच्या टेकड्यांवर कॉफी पिकवणाऱ्यांचा हा ग्रुप मी चालवतो. चालवतो हा शब्द मोठा आहे; मी त्याचं दार राखतो. दारावर मी नियम डकवून ठेवले आहेत. नव्याने आलेल्याने काही दिवस उंबऱ्याशी बसून नुसतं ऐकावं. बोलावंसं वाटलं तर प्रथम आपलं नाव सांगावं, मग बापाचं, आजोबांचं, कुळाचं आणि गावाचं, जसं आपण कुणाच्याही अंगणात पाऊल ठेवताना सांगतो. त्यानंतर हवं ते विचारावं. दोघांपुरतं भांडण दोघांतच ठेवावं. उगवत्या सूर्याची चित्रं पाठवू नयेत. सूर्य आम्हालाही दिसतो.

काजुबीने यातला एकही नियम वाचला नव्हता. त्याच सकाळी तो 'हिरवं पान' असं नाव लावून ग्रुपात शिरला. नालोंगोंनी नुकताच आपल्या बागेतल्या एका पिवळ्या पडलेल्या कॉफीच्या झाडाचा फोटो टाकला होता आणि विचारलं होतं, बुंध्याशी आणखी पालापाचोळा अंथरावा का. कुणी विचार करून उत्तर देण्याआधीच हिरवं पान सळसळलं. "हे झाड मेलेलं आहे. त्याला पाणी घालणं म्हणजे प्रेताला भरवणं. उपटा आणि जाळा. एवढंही कळत नसेल तर कॉफी सोडा, शेळ्या पाळा." खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा.

मजकूर खरा होता, आणि हेच त्याचं दुर्दैव. आपण बरोबर आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे पाहायची गरज वाटत नाही. नालोंगो या ग्रुपमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या. जुळ्यांच्या आईला आम्ही नालोंगो म्हणतो. ग्रुपात तशा कितीतरी होत्या, पण नुसतं नालोंगो म्हटलं की सगळ्यांना याच आठवत. त्यांनी शिवीला शिवी दिली नाही. फक्त नाव, बाप, आजोबा, कूळ एवढंच विचारलं. आमच्यात याहून जड शिवी नाही.

त्या शांततेत माझा फोन वाजला. काजुबीच होता. मासाकाजवळ त्याची रोपवाटिका आहे, माझी निम्मी रोपं तिथलीच. माणूस हुशार, हात हिरवा, जीभ मात्र मुळासकट बाहेर आलेली.

"दादा, त्या नाम्यालोच्या आई आहेत."

आधी बोलून मग पाहायची त्याची सवय. स्वतःच्या निदानाचं कौतुक करायला म्हणून त्याने तो फोटो नंतर मोठा करून पाहिला. झाडाच्या पलीकडे, फोटोच्या अगदी कडेला, ताडपत्रीवर वाळत घातलेली कॉफी परतत एक मुलगी वाकली होती. तिच्या कमरेला पिवळ्या पक्ष्यांचं कापड गुंडाळलेलं होतं. ते कापड त्यानेच आणून दिलेलं होतं. ज्या मुलीला मागणी घालण्याचं पत्र त्याने इस्त्री करून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात आधीच घालून ठेवलं होतं, ती नाम्यालो.

आमच्याकडे जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत. वाटेत गाठ पडलीच तर त्याने केळीच्या बागेत शिरायचं आणि तिने आभाळाकडे पाहायचं. एका चटईवर बसायचं नाही, एका दारातून जायचं नाही, बोलायचंच झालं तर मध्ये भिंत हवी किंवा तिसरा माणूस हवा. ही मर्यादा मोडली तर म्हातारपणी हातापायांना कंप सुटतो असं म्हणतात. काजुबीने तर ही मर्यादा साऱ्या टेकड्यांच्या देखत मोडली होती, वर शेळ्या पाळायचा सल्ला दिला होता. आता नाव सांगावं तर होणाऱ्या सासूशी तोंडावर बोलणारा ठरणार, आणि न सांगावं तर बिनकुळाचा.

मी त्याला म्हटलं, काहीही करू नकोस. नुसता बस. संध्याकाळपर्यंत मी काहीतरी मार्ग काढतो.

पण काहीही न करणं ही एकच गोष्ट त्याला जमत नव्हती. त्याने आपला संदेश पुसला. त्या जागी संदेश पुसल्याची पाटी उभी राहिली, थडग्यासारखी. ज्यांनी तो वाचला नव्हता ते विचारू लागले की इथे काय होतं. ज्यांनी वाचला होता त्यांनी तो जपून ठेवलेला होता, आणि आपल्या लोकांत मदतीची वृत्ती फार. मग तो ग्रुप सोडून गेला. 'हिरवं पान सोडून गेले' ही ओळ उमटताच कुण्या दृष्टी अधू झालेल्या आजोबांनी घाईघाईत लिहिलं, "देव त्याला शांती देवो." त्याखाली निव्वळ सवयीने जोडलेल्या हातांची रांग लागली. नालोंगोंनी हात जोडले नाहीत.

मी नाम्यालोच्या आत्याकडे गेलो. आमच्यात लग्न आत्याच्या हातून पुढे सरकतं. मुलाचं पत्र आधी तिच्या हातात पडतं. तिने ते घेतलं तरच मुलीच्या बापाला काही कळतं, आणि तिने घेतलं नाही तर पत्र होतं हेच कुणाला कळत नाही. ही आत्या नालोंगोंच्या शेजारीच राहते, मध्ये फक्त बोरूच्या काड्यांचं कुंपण. ग्रुपात ती अगदी सुरुवातीपासून आहे. तिने आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही आणि एक अक्षर वाचायचं सोडलेलं नाही.

ती रात्रीच्या जेवणासाठी हिरवी केळी सोलत बसली होती. सालींच्या ढिगाला टेकवून फोन उभा केलेला. ग्रुप हे घर मानायचं की रस्ता, असा प्रश्न मी मोठ्या गांभीर्याने मांडला.

"रस्ता असता तर पोरगा बाजूच्या बागेत शिरला असता," ती म्हणाली. "घर असतं तर वहिनी आतल्या खोलीत गेली असती. तुझ्या ग्रुपला ना बाग, ना खोली. नुसतं उघडं अंगण. असं कसं रे बांधलंस?"

"मी नाही बांधलं, आत्या."

"मग दार कशाला राखतोस? भिंत नाही ना, मग तूच भिंत हो. पोरगा कोण ते मी वहिनीच्या कानावर घालते. ती तुला सांगेल, तू त्याला सांग. तो तुला सांगेल, तू तिला सांग."

मी उठू लागलो तशी तिने सुरीनेच खूण करून मला परत बसवलं.

"आणि तुझ्या त्या पानाला सांग. तो बोलला त्याचं मला काही नाही. ते झाड मेलंय हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आम्हा कुणाची छाती नव्हती. पण त्याच्याने गप्प बसवत नाही. उद्या माझी भाची नुसती म्हणाली, आज मीठ कमी पडलं वाटतं, तरी याचं उत्तर तयार. घर आहे की कोर्ट? एक प्रश्न, एकच, त्याने उत्तर न देता सोडलेला मला दिसू दे. मग आणा पत्र."

हे तर सोपं आहे, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पुढचं केळं उचललं.

काजुबी ग्रुपवर परतला तो स्वतःच्या नावाने. त्याने नियम वाचले, एक दिवस उंबऱ्याशी बसला (त्या दिवशी त्याने मला अकारण अनेकदा फोन केला), आणि मग हिरवं पान आपणच होतो हे कबूल करून मला उद्देशून आपली ओळख सांगितली. बाप, आजोबा, पणजोबा, टोळाचं कूळ, टेकडीचं नाव, सगळं यथासांग. लोकांनी स्वागत केलं. टोळाच्या कुळाचा म्हणजे टोळ याला वर्ज्य, तेव्हा हंगामात याच्या वाटचे तळलेले टोळ आपण खाऊ, असं लगेच ठरलंही.

मग नालोंगोंचा संदेश आला.

"ॲडमिन, त्या माणसाला विचारा, झाड मेलंय हे त्याला फोटोवरून कसं कळलं? त्याचा फोन काय खोड हुंगतो?"

"ॲडमिन, त्यांना आदराने सांगा, बुंध्याशी साल खरवडून पाहावी. आत निळसर काळ्या रेघा दिसल्या तर तो मर रोग, झाड आतून सुकवणारा. नसल्या तर मी शेळ्या पाळेन."

मी दोन्ही वेळा लिहिलं, "सांगितलं." भिंतीला याहून अधिक बोलायचा अधिकार नसतो. सारा ग्रुप श्वास रोखून हे वाचत होता. ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त भाव विचारले होते, तेही आता सकाळी उठून आधी भिंतीकडे पाहू लागले.

पुढे एका दुपारी नालोंगोंनी एक फोटो टाकला. खरवडलेला बुंधा. सालीखाली निळसर काळ्या रेघा, जुन्या शाईच्या. सोबत एकही शब्द नव्हता. काही वेळाने दुसरा फोटो आला, त्यात फक्त धूर होता. रोग लागलेली ती सगळी ओळ त्यांनी जुळ्यांच्या जन्माच्या वर्षी लावलेली होती, हे आम्हा जुन्या लोकांना ठाऊक होतं. त्या धुरातून एक अख्खं तारुण्य हळूहळू वर जात होतं. ग्रुपवर पुन्हा शांतता आली. या वेळी तिला कडा नव्हत्या.

आणि त्या शांततेच्या तळाशी मला दिसलं, 'काजुबी लिहीत आहे.'

मी लगेच त्याला फोन लावला. हात खिशात घाल, म्हणालो. तो म्हणाला, दादा, पण त्या उद्याच तिथे नवी रोपं लावतील, आणि रोग मातीत राहतो. मी म्हटलं, परवा सांग. त्याने तेव्हाच सांगितलं. "ॲडमिन, त्यांना सांगा, जाळलेल्या खड्ड्यात काही वर्षं कॉफी लावू नये. तिथे घेवडा घ्यावा." नालोंगोंचं उत्तर लहान होतं. "ॲडमिन, ऐकलं. घेवडाच लावेन."

आत्याचा फोन आला. "पाहिलं मी. पत्र राहू दे त्याच्याकडेच."

त्यानंतर त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. पण कुणी ग्रुपवर सुस्कारा टाकावा, देवा, हा पाऊस गेला तरी कुठे, की काजुबी सरोवरावरच्या वाऱ्यांची माहिती द्यायचा. कुणी लिहावं, माझ्या नवऱ्याला कधी कळणार, तर तो विचारायचा, नेमकं काय? नाम्यालोने त्याचा फोन घेणं बंद केलं. आत्याची अट तिला कळली होती, आणि तिचं म्हणणं एवढंच होतं की पिवळ्या पक्ष्यांचं कापड आता विटत चाललं आहे.

शेवटी आत्यानेच निरोप धाडला. त्याला घेऊन ये. पत्र खिशात असू दे, खिशाबाहेर नको.

आम्ही तिच्या अंगणात चटईवर बसलो. काजुबीचा सदरा इतका कडक होता की तो बसताना कुरकुरला. आत्याने भाजलेले शेंगदाणे पुढे ठेवले आणि केळी सोलायला घेतली. बोरूच्या कुंपणापलीकडे कुदळीचा आवाज येत होता, जळक्या मातीचा वास येत होता. मग कुदळ थांबली.

"ॲडमिन आलेत का?" कुंपण म्हणालं.

मी आलो असल्याचं सांगितलं. मग रीतीप्रमाणे दिवस कसा गेला, घरचे कसे आहेत, बाग कशी आहे, हे सगळं आम्ही सावकाश एकमेकांना विचारलं. कुंपणाला घाई नव्हती.

"बरोबर कुणी आहे?"

"आहे, नालोंगो."

पुढचं वाक्य 'त्या माणसाला सांगा' असं सुरू होईल म्हणून मी भिंत होऊन ताठ बसलो. ते तसं सुरू झालं नाही.

"उद्या सकाळी त्याच खड्ड्यांत कॉफीची नवी रोपं लावतेय. राख पडलीय, माती चांगली झाली असेल. बरोबर ना?"

ना 'ॲडमिन', ना 'त्या माणसाला विचारा'. माझ्या अंगावरून, मी तिथे नसल्यासारखा, तो प्रश्न थेट कुंपणातून चटईवर आला आणि काजुबीसमोर बसला.

काजुबीचे ओठ विलग झाले. त्याच्या घशात ते उत्तर चढताना मला दिसत होतं, घेवडा, माती, वर्षं, सगळं जसंच्या तसं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगदाण्यांकडे पाहिलं. आत्याची सुरी केळ्याच्या सालीत अर्ध्यावर थांबली होती आणि ती कुणाकडेच पाहत नव्हती.

त्याने ओठ मिटले. खिशातून पत्र काढलं, दोन्ही हातांनी आत्याच्या चटईच्या कडेला ठेवलं आणि कुंपणाकडे पाठ करून उभा राहिला.

"काय रे," पलीकडून आवाज आला, आता जरा मऊ, "बरोबर ना?"

काजुबी अंगण ओलांडून केळीच्या बागेत शिरला. पानांच्या फटींतून त्याचा कडक पांढरा सदरा दिसत राहिला, मागे वळून न पाहता सरळ दूर जाणारा.