आंबेरवाडीच्या होडीचं यंत्र

राजारामपुरीतल्या तिसऱ्या दुकानाची पायरी उतरताना भाऊसोंचे गुडघे कुरकुरले. सकाळी होडीनं पाणी ओलांडायचं, मग शाहूवाडीहून एसटीनं कोल्हापूर, आणि आल्यापासून नुसती पायपीट. या दुकानात गाड्यांना लावायची जीपीएस यंत्रं मिळत. मालक सगळ्या गिऱ्हाइकांदेखत हसला होता.

"होडीला? पावणं, समुद्र तिकडं रत्नागिरीला ऱ्हायला की!"

 भाऊसोंच्या सुनेनं, सोनमनं सुनावलं होतं, "आमच्याकडं धरण हाय. तिथंबी माणसं वाट चुकत्यात."

आंबेरवाडी धरणाच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या कुशीत. गाडीरस्ता होता, पण डोंगराला एवढा वळसा घालून की दुधाचे कॅन पोचेपर्यंत दूध नासायचं. त्यामुळं ग्रामपंचायतीची इंजिनाची होडी हीच वाडीची वाट, आणि ती भाऊसो कांबळे ऐन जवानीपासून चालवत आलेले. सोनम वाडीची आशा कार्यकर्ती. बाळंतिणी, तापकरी, लसीची पोरं, सगळ्यांना घेऊन ती याच होडीतून जायची.

गेल्या थंडीत शेजारच्या बायडाबाईंना पहाटे अर्धांगाचा झटका आला. सोनमनं त्यांना होडीत निजवलं, भाऊसोंनी इंजिन सुरू केलं, आणि मधोमध गेल्यावर धुकं असं उतरलं की होडीचं टोकसुद्धा दिसेना. पलीकडचा धक्का डावीकडं की उजवीकडं, काही उमगेना. होडी भलत्याच ओघळीत शिरली. तिथं बुडालेल्या झाडांचे खुंट होते. इंजिनाचा पंखा त्यात अडकला आणि उन्हं येईपर्यंत तिघं जागच्या जागी. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, उशीर झाला. बायडाबाई वाचल्या, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली.

भाऊसोंना कुणी बोल लावला नाही. बायडाबाई तर हाताच्या व्यायामासाठी त्यांच्याच होडीतून दवाखान्याला जात. समोरच्या फळीवर बसत आणि डाव्या हातानं होडीची कड गच्च धरत. ते धरणं भाऊसोंना बघवत नसे. फेऱ्या मारून अंग आधीही दुखायचं, पण रात्री पाठ टेकली की सकाळी उतरायचं. आता होडीत पाय टाकायच्या आधीच थकवा यायचा.

ग्रामपंचायत आणि दूध संस्था मिळून वाट दाखवणारं यंत्र घ्यायला तयार झाल्या. परवडेल असंच बघा, असं बजावून दोघांना धाडलं होतं.

चौथं दुकान जमीन मोजणीची उपकरणं विकणारं. काउंटरवर अनुजा नावाची पन्नाशीची बाई होती. होडीचं ऐकून ती हसली नाही. तिनं आधी दोघांना पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडं वळवला आणि विचारलं, "धुक्यात अडकला होता का कधी?"

सोनमनं सगळं सांगितलं. भाऊसो फरशीकडं बघत बसले.

"मोबाईलमधी हुतंय म्हणं हे," सोनम म्हणाली. "मग यंत्र कशाला, असं सरपंच इचारत हुते."

अनुजानं तिला पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवून मोबाईल चालवायला सांगितला. सोनमनं दोनदा बोट फिरवलं. पडदा भलतीकडंच सरकला. "होडीत कोरडा हात कुठनं आणायचा?" अनुजा म्हणाली. "मोबाईल जवळ असू दे, पण भरवसा बटणांच्या यंत्रावर ठेवा."

मग तिनं खरं ते सांगून टाकलं. समुद्रावरच्या मोठ्या यंत्रांत समुद्राचे नकाशे असतात, तुमचं धरण त्यात सापडायचं नाही. समोरचं दाखवणारं रडार परवडायचं नाही. तिनं दोन यंत्रं काढून ठेवली. एक डोंगर चढणारे नेतात तसलं, मुठीत मावणारं, सेलवर चालणारं, स्वस्तातलं. दुसरं होडीला कायमचं बसवायचं. त्याचा पडदा तळहाताएवढा. ते वाट दाखवायचं आणि पाण्याची खोलीही. त्याला वेगळी बॅटरी लागणार होती.

भाऊसोंनी स्वस्तातलं उचललं. लांब धरलं, जवळ धरलं.

"दिसतंय का, मामा?" सोनमनं विचारलं.

"दिसतंय की," ते म्हणाले. दिसत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि अनुजाला म्हणाले, "माझं सोडा. हिला कुठलं जमंल ते बघा."

"मला कशाला?"

"ह्या थंडीपासनं होडी तूच चालवायचीस. वल्हं येतंय, इंजिन येतंय. ऱ्हायलंय काय?"

"आन् तुमी?"

"मी दमलोय, पोरी."

सोनमचा चेहरा तापला. "हे हितं सांगायचं व्हय, परक्या दुकानात? घरात तोंड न्हवतं?"

"घरात तुझ्या नवऱ्यानं वाद घातला असता. वाद घालायचंबी त्राण न्हाय."

अनुजा आतल्या खोलीत काहीतरी शोधायला गेली आणि बराच वेळ आली नाही.  सोनमच्याही पायांत गोळे आले होते. शेवटी पदरानं तोंड पुसून तिनं मोठं यंत्र पुढं ओढलं. अनुजा आल्यावर तिनं प्रश्नांची फैरच झाडली. हातमोजे घालून बटण दाबेल का? पावसात भिजलं तर? खाली खुंट आला तर ओरडेल का?

"होडीच्या खालचं दाखवेल, पुढचं नाही," अनुजा म्हणाली. "म्हणून लख्ख दिवशी नेहमीच्या वाटेनं जायचं. यंत्र ती वाट रेघेसारखी लक्षात ठेवतं. खुंट दिसले तिथं खूण करायची. धुक्यात त्या रेघेवरून हलायचं नाही. धरणाचं पाणी उतरलं की वाट नव्यानं आखा. आणि धुकं फारच असेल तर यंत्र असूनही थांबा."

"रोगी असला तर?"

 "तर सावकाश जा," अनुजा म्हणाली.

मोठं यंत्र घेतलं. परतीच्या एसटीत सोनमनं खोकं मांडीवर धरलं होतं. 

दिवाळीनंतर दोघांनी पाण्यावर फिरून वाट आखली. भाऊसो खुंटांच्या जागा दाखवत आणि ती बटण दाबे. सोनमच्या नवऱ्यानं, प्रसेनजीतनं, वाद घालायचा तो घातलाच, पण सोनमनं त्याला विचारलं, "तू पलीकडचा दुधाचा टेंपो सोडून होडी चालवतोस का?" तिथं विषय मिटला.

पौषात एका सकाळी धुकं दाटलं. होडीत दुधाचे कॅन होते, बायडाबाई होत्या आणि फळीवर उतारू म्हणून भाऊसो. सोनमनं इंजिन अगदी हळू ठेवलं होतं. मध्यावर अचानक यंत्राचा पडदा काळा झाला. तिनं इंजिन बंद केलं. बायडाबाईंनी होडीची कड पकडून भाऊसोंकडं बघितलं. भाऊसोंचे हात आपोआप सुकाणूकडं निघाले. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. धक्का कुठं आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सोनम गुडघ्यावर बसून बॅटरीची तार चाचपत होती. स्वतःशीच शिव्या देत होती. होडी संथ फिरत राहिली. तार घट्ट बसली, पडदा उजळला, पण होडीची खूण रेघेपासून बरीच दूर गेली होती. तिनं इंजिन चालू केलं. दोनदा वळण चुकलं. तिसऱ्यांदा खूण रेघेवर आली.

धक्का नेमका साधला नाही. होडी त्याच्या अलीकडं चिखलात टेकली. भाऊसो पाण्यात उतरले आणि दोर ओढू लागले. सोनमनं बायडाबाईंना धरून खाली उतरवलं.

"हळू... आणलीस," बायडाबाई जड जिभेनं म्हणाल्या. "बरं केलंस."

सोनमनं मान डोलावली आणि कॅन उतरवायला लागली. भाऊसोंनी दोर खुंटीला बांधला. मदतीला जायचं मनात होतं, पण कंबर वाकेना. ते काठावरच्या दगडावर बसले आणि तिचं आटपेपर्यंत बसून राहिले.