दोघींच्या शेजारची बरणी

मित्रांनो, मी जुनी आहे, वाकडी आहे आणि जळकुकडी आहे. पहिल्या दोन गोष्टी पाहताक्षणी कळतात. तिसरी आज आपणहून कबूल करते.

माझा जन्म कॉलेजच्या चाकावर झाला. मला घडवणारी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मी तिने भाजलेली पहिली वस्तू. भट्टीतून निघाले तीच एका अंगाला कलून. तिची आई शिवणकाम करते. तिने मला फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "वाकडी आहे, पण हिच्यात काहीतरी ठेवता तरी येईल." त्या आईच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणाच्याही वाट्याला आलेली नाही. पुढे वीस वर्षं लेकीची मातीकामाची हत्यारं मी पोटात सांभाळली. पाहुणे आले की ती मला उचलून दाखवी, "ही माझी पहिली."

मग त्या दोघी आल्या.

दोघी म्हणजे एक शिल्प. एका बाकावर टेकून बसलेल्या, फूटभर उंचीच्या दोन बायका. एकीचे हात मातीने भरलेले, दुसरीच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर. बाकाच्या कडेने सगळी गोष्ट कोरलेली: वडिलांचा शर्ट घालून आरशापुढे उभी असलेली मुलगी, लग्नाच्या फोटोतून बाजूला सरकणारी तरुणी, बंद भट्टीपुढे उकिडव्या बसलेल्या दोघी. ती स्क्रूड्रायव्हरवाली मला ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वी भट्टीची वायर बदलायला आली. काम दोन तासांचं होतं, अजून चालू आहे.

चार महिने माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या पापण्या सुईच्या टोकाने कोरल्या गेल्या. माझ्या अंगावरचा चहाचा ओघळ मात्र होता तिथेच होता.

प्रदर्शन जवळ आलं. मित्रांनो, अशी शिल्पं आतून पोकळ असतात आणि पोकळीला बारीक भोक ठेवावं लागतं. नाहीतर भट्टीत आतली वाफ फुगते आणि सगळं फुटतं. भोक पाडायची सुई माझ्या तळाशी जाऊन बसली होती. तिने मला हलवलं, उलटं केलं, तेवढ्यात बेल वाजली. आई आली होती. घाबरून लेकीने मला खाली ठेवलं आणि भोक राहिलं ते राहिलंच. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. फुटू देत दोघी एकदाच्या, असं मी मनात म्हटलं.

शिल्पापाशी नावाची चिठ्ठी होती: 'दोन बहिणी'. आईने ती वाचली.

"तुला एक भाऊ आहे. बहीण कुठून आणलीस?"

"अगं, कल्पना आहे ती."

"अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. माझ्या इस्त्रीची वायर जोडून गेली होती. तीही कल्पनाच का?"

लेकीने एप्रनला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "आई, आम्ही एकत्र राहतो. मैत्रिणी म्हणून नाही. नवराबायको राहतात तशा."

 आईने चष्मा लावला आणि शिवण तपासावी तशी बाकाभोवती हळूहळू फिरली. आरशापुढच्या मुलीपाशी थांबली.

"हा शर्ट मीच उसवून तुझ्या मापाचा करून दिला होता."

"हो."

"मला वाटलं, हौस आहे पोरीची." मग शिल्पाच्या अंगावर बोट टेकवून, "आतून पोकळ आहेत का गं या?"

"हो."

"मग वाफ जाणार कुठून? कुकरलासुद्धा शिट्टी असते!"

लेकीने कपाळावर हात मारला. "भोक! आई, विसरलेच मी!" तिचा हात पुन्हा माझ्यात शिरला. मी सुई तळाशी घट्ट धरून बसले. पण आईने कॉलरची टाचणी काढली आणि दोघींच्या मानेमागे, दिसणार नाही अशा जागी, ओलसर मातीत अलगद फिरवली. एकेकीला एकेक भोक.

"आणि चिठ्ठी बदल. या वयात मला आणखी एक मुलगी नको. तिला म्हणावं, माझ्या मशीनची मोटर अडतेय, रविवारी बघून जा."

टाचणी तिने माझ्यात टाकली.

दोघी भट्टीतून धडधाकट निघाल्या. प्रदर्शनात चिठ्ठी होती: 'आम्ही'. त्या विकायच्या नव्हत्याच. आता त्या माझ्या खिडकीतल्या जागेवर बसतात आणि मी कोपऱ्यात. दर रविवारी मोटर अडते, आई ती पिशवीत घालून इथे आणते, स्क्रूड्रायव्हरवालीशी तासभर तिच्यावर वाद घालते आणि त्या दोघींवरची धूळ पुसली जाते. मग त्याच फडक्याने मीही.

जळफळाट गेलेला नाही, मित्रांनो. पण घरात कुणी तोंड मिटून बसलं असेल, तर त्याला भट्टीत ढकलण्याआधी जरा मागून पुढून बघत जा. टाचणीएवढी जागा पुरते. आणि वाकड्या बरण्याही पुसत जा. टाचणी ठेवायला शेवटी कुणीतरी लागतंच.