भारचाचणी

साहेबांचा उजवा गुडघा बदलून सव्वीस दिवस झाले होते, आणि त्या सव्वीस दिवसांत त्यांनी सलग दोन तास झोप अशी पाहिली नव्हती. जुना गुडघा कितीही वाईट असला तरी ओळखीचा होता. कुठल्या पायरीवर तो किती कुरकुर करणार हे तोंडपाठ होतं. या नव्या पाहुण्याचा काही अंदाज येत नव्हता. दिवसा तो बऱ्यापैकी वागायचा, आणि रात्री दिवा मालवला की आत कुणीतरी कपाट सरकवतंय असा ठणकायला लागायचा.

हॉस्पिटलने घरी सोडताना एक छापील कागद दिला होता. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे झोप लागत नाही, मन अस्वस्थ राहतं, हे सर्वसामान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. पोटरीखाली उशी घ्यावी, दुपारची डुलकी टाळावी, झोपताना फोन बघू नये, चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. साहेबांनी तो कागद नेमाने पाळला. आयुष्यभर इतरांकडून कागद पाळून घेतलेल्या माणसाला दुसरं काही येतही नव्हतं. मात्र श्वास मोजताना आकडा चुकला तर पुढे चालू ठेवायचं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, याबद्दल कागद गप्प होता, आणि या एका मुद्द्यावर त्यांच्या कित्येक रात्री खर्ची पडल्या.

साहेब चौतीस वर्षं लिफ्ट इन्स्पेक्टर होते. नवी लिफ्ट बसली की तपासायची, चालण्याजोगी असेल तर प्रमाणपत्रावर सही करायची. ज्या डब्यात बाकीचे लोक आरशात बघून केस सारखे करतात, त्या डब्यात उभं राहून काय काय तुटू शकतं याचा विचार करायचा त्यांना पगार मिळत असे. निवृत्तीनंतर पगार थांबला, विचार चालू राहिला.

त्यांच्या बायकोने बावीस वर्षं पाळणाघर चालवलं होतं. दुसऱ्यांची दोनेकशे पोरं तिने दुपारी निजवली होती, त्यांत चावणारी होती, ओरडणारी होती, डोळे मिटून जागी राहणारीही होती. त्यामुळे नवऱ्याची झोप तिने सुरुवातीला किरकोळीत काढली. कोमट दूध झालं, तळपायाला तेल झालं, पडदे बदलून झाले. तिसऱ्या आठवड्यात तिने हात टेकले आणि एवढंच सांगितलं की जाग आली की मला उठवा. साहेब हो म्हणाले. त्यांनी तिला एकदाही उठवलं नाही. पलीकडच्या पलंगावर तिचा संथ श्वास ऐकत ते आपला श्वास मोजत पडून राहायचे, आणि तिचा चार-सहाचा हिशेब न मोजता जमतो याचा त्यांना मनातून राग यायचा.

खरी गोम होती ती डॉक्टरांच्या सहीत. टाके काढायच्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनी गुडघ्यावर दोन बोटं टेकवली, एकदा वाकवून पाहिला, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि ‘समाधानकारक’ असं लिहून सही केली. सगळं मिळून चाळीस सेकंद. साहेबांनी मुद्दाम मोजले नव्हते, पण एव्हाना त्यांना मोजायची खोडच लागली होती. तो शब्द त्यांनी दोनदा वाचला. हा शब्द त्यांनी स्वतः हजारो वेळा लिहिला होता. तो आतून कसा दिसतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून रोज रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचे डोळे टक्क उघडू लागले. छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. गुडघा निखळतोय, आपण जिन्यात कोसळतोय, बायको एकटी आपल्याला उचलू पाहतेय, असं सगळं ओळीने डोळ्यांसमोरून जायचं. व्यायाम घ्यायला रोज सकाळी एक तरुण मुलगी यायची. तिला त्यांनी एकदा आडून विचारलं, की हा किती वजन घेतो याची कुणी चाचणी करतं का. ती म्हणाली, काका, तुम्हीच रोज करताय की. वर तिने असंही सुनावलं की काळजी करण्याऐवजी गुडघा वाकवलात तर तुमची आणि गुडघ्याची, दोघांचीही प्रगती होईल. नव्वद अंश वाकायला हवा होता आणि तो पंचाहत्तरवर आडून बसला होता.

सत्ताविसाव्या रात्री साहेब नेहमीच्या वेळी जागे झाले आणि त्यांनी निर्णय घेतला. यंत्र बसवलं की चाचणी झाली पाहिजे. नियम सोपा आहे, ठरलेल्या भारापेक्षा पंचवीस टक्के जास्त घालायचं आणि सरकतं का बघायचं. स्वतःचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. त्याचे पंचवीस टक्के म्हणजे साडेएकोणीस.

काठी टेकत, आवाज न करता ते स्वयंपाकघरात गेले. प्रवासाची पाठीवरची पिशवी काढली. तिच्यात पिठाचं पाच किलोचं पाकीट, साबणाच्या भुकटीचं दुसरं, दोन जाडजूड शब्दकोश आणि इस्त्री घातली. मग वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. चारशे ग्रॅम कमी भरत होतं. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. साहेबांनी शोधून शोधून मिठाचा डबा घातला. पिशवी पाठीला अडकवून ते खोल्यांमधल्या बोळात आले, काठी भिंतीला टेकवून ठेवली, एक हात भिंतीवर धरला आणि डावा पाय हळूच जमिनीवरून उचलला.

गुडघ्यातून एक कळ थेट मस्तकात गेली. साहेब हलले नाहीत. नियमाप्रमाणे भार दहा मिनिटं ठेवायचा असतो.

पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत बोळातला दिवा लागला.

“काय करताय?”

“काही नाही. तू झोप.”

“पाठीवर काय आहे?”

“साडेएकोणीस किलो.”

बायकोने असं का, कशासाठी, वेडबीड लागलंय का, यातलं काही विचारलं नाही. शाळेतून आलेल्या पोराचं दप्तर उतरवावं तसे तिने एकेक करून पट्टे उतरवले, खांद्याखाली हात घालून त्यांना पलंगावर बसवलं आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मग शेजारी बसली. पाळणाघरातली तिची पद्धत हीच होती. पोर रडायचं कारण सांगेपर्यंत शेजारी बसायचं, विचारायचं नाही.

साहेबांना सांगायला पाऊण तास लागला.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरा मजली नवी इमारत, आठ माणसांची लिफ्ट. शुक्रवारची संध्याकाळ. चाचणीची लोखंडी वजनं घेऊन येणारा टेम्पो वाटेत बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी लोक राहायला येणार होते. बांधकामावरचा मुकादम म्हणाला, साहेब, वजनांचं काय घेऊन बसलात, माणसं उभी करतो. हिशेबाने दहा तरी माणसं लागली असती. मिळाले सहा गवंडी, तेही काटकुळे. सहाही जण लिफ्टमध्ये उभे राहिले, एकदा वर गेले, एकदा खाली आले, बाहेर येऊन हसले. साहेबांनी भार दहा माणसांचा, सहाशे ऐंशी किलो लिहिला, पुढे ‘समाधानकारक’ लिहिलं आणि सही केली.

“पैसे घेतले होते?” बायकोने विचारलं.

“चहासुद्धा नाही.”

“मग?”

“घरी यायची घाई होती.”

“काय होतं घरी?”

साहेबांनी आठवून पाहिलं. याआधीही त्यांनी बरेचदा आठवून पाहिलं होतं.

“काही नव्हतं,” ते म्हणाले.

नंतर त्यांची दुसऱ्या भागात बदली झाली. त्या लिफ्टचं पुढे काय झालं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, आणि त्या रस्त्याने ते पुन्हा कधी गेले नाहीत. बायकोला आता कळलं, की मुलीच्या घरी जाताना टॅक्सीवाल्याला दर वेळी लांबचा वळसा का घ्यायला लावतात. ती आपली इतकी वर्षं गर्दीला दोष देत होती.

“त्या डॉक्टरनेही तसंच केलं असेल,” साहेब म्हणाले. “चाळीस सेकंद.”

“तो डॉक्टर म्हणजे तुम्ही नाही,” बायको म्हणाली. साहेबांना हा दिलासा आहे की टोमणा, हे कळलं नाही. तिने त्यांच्या पोटरीखालची उशी नीट केली आणि म्हणाली, “इमारत जागेवर आहे ना? मग जाऊन बघून येऊ.”

सकाळी गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. व्यायामाच्या मुलीने कारण ऐकलं, पिशवीतल्या सामानाची यादी पुन्हा एकदा ऐकली, आणि मग काकूंकडे बघून म्हणाली की यांना दोरीने बांधून ठेवता येईल का. डॉक्टरांना फोटो पाठवले. त्यांनी आठवडाभर व्यायाम कमी करायला आणि पुन्हा असलं काही न करायला सांगितलं. सूज उतरायला दहा दिवस गेले. साहेबांनी ते दहा दिवस आणि दहा रात्री शिक्षा भोगावी तसे काढले, आणि अकराव्या दिवशी दुपारी दोघं टॅक्सीत बसले. टॅक्सी या वेळी सरळ रस्त्याने गेली.

इमारत होती. रंग उडाला होता, गॅलऱ्यांना जाळ्या लागल्या होत्या. तळमजल्यावर लिफ्टजवळ एक म्हातारा पहारेकरी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. साहेबांची काठी बघून तो उठला आणि त्याने आपली खुर्ची पुढे केली. साहेब बसले नाहीत. ते लिफ्टकडे बघत होते. दार चकचकीत होतं, आत नवा आरसा.

ही सहा वर्षांपूर्वी बसवली, पहारेकरी म्हणाला. आधीची गेली भंगारात.

जुनी कशी होती, साहेबांनी विचारलं. काही अपघात वगैरे?

छे, अपघात कसला, तो म्हणाला. चांगली होती बिचारी. फक्त खाली बसायची. पाच-सहा माणसं चढली की थांबताना चार बोटं खालीच राहायची. लोक पाय उचलून बाहेर यायचे. सवय होते माणसाला.

साहेबांनी काठीवरचा हात बदलला. पहिल्यापासून, त्यांनी विचारलं.

“मी लागलो तेव्हापासून तरी. चौदा वर्षं झाली मला.” म्हाताऱ्याला बोलायला माणूस मिळाला होता. “नवव्या मजल्यावर एक आजी होत्या, त्यांचं तेवढं अवघड व्हायचं. गुडघे गेले होते. ती चार बोटं त्यांना चढवेनात. एकदा अडखळल्या, मग भ्यायल्या. पुढे खाली यायचंच सोडलं त्यांनी.”

“किती दिवस?”

“दिवस कुठले,” पहारेकरी म्हणाला. “खाली आल्या त्या शेवटच्याच. चौघांनी जिन्यावरून आणल्या.”

साहेब खुर्चीवर बसले. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. टॅक्सीवाला पलीकडे गाडी लावून आला, त्याला तिने दोन मिनिटं थांबायला सांगितलं.

पुढचं साहेबांना तेव्हा माहीत नव्हतं, ते त्यांना नंतर कळलं. ते झोपले होते. काठी हातात, हनुवटी छातीवर, तोंड किंचित उघडं. शेजारी लिफ्ट खाली येत होती, वर जात होती, लोक त्यांच्या पायांना वळसा घालून जात होते. पहारेकऱ्याने विचारलं की साहेबांना आत गादीवर आडवं करू का. बायकोने नकारार्थी मान हलवली. झोपलेल्याची जागा बदलायची नाही, हा तिचा बावीस वर्षांचा नियम होता. तिने टॅक्सी सोडून दिली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली. अडीच तास.

समजूत अशी आहे की निर्दोष सुटल्यावर माणसाला गाढ झोप लागते. साहेबांना ती निकाल ऐकून लागली.

त्या रात्री ते नेहमीसारखे तीन वाजून दहा मिनिटांनी जागे झाले. छाती धडधडत नव्हती. गुडघा निखळेल असंही वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर एक बंद खिडकी होती, नववा मजला, आणि मागे कुणीतरी बसलेलं. यावर किती आकडे मोजायचे ते कागदात नव्हतं. बराच वेळ ते तसेच पडून राहिले. मग त्यांनी पलीकडच्या पलंगाकडे तोंड केलं.

“अगं,” ते म्हणाले.

“हं,” बायको म्हणाली. ती जागीच होती.

सकाळी व्यायामाची मुलगी आली. बायकोने तिला सांगितलं की काल खुर्चीवर झोपले तेव्हा यांचा गुडघा काटकोनात वाकला होता, मी डोळ्यांनी बघितला, पाय पूर्ण जमिनीला टेकला होता. मुलीला आनंद झाला. वही उघडून म्हणाली, मग आज नव्वदच लिहून टाकते काका, तुम्हाला जरा बरं वाटेल.

“मोजा,” साहेब म्हणाले.

“काकू सांगतायत ना.”

“मोजल्याशिवाय लिहू नका.”

मुलीने काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मुलीने कोनमापक काढला, साहेबांच्या गुडघ्याला लावला आणि पाय हळूहळू मागे नेला. साहेबांच्या कपाळावर घाम आला, पण ते तिच्या हाताकडेच बघत राहिले.

“शहाऐंशी,” ती म्हणाली.

“शहाऐंशी लिहा,” साहेब म्हणाले.