आख्यान कुणाचं

जानकीने पेटीचा भाता उघडून पहिला सूर धरला, तेवढ्यात नितेशचा फोन आला.

"काकी, मनगट मुरगळलंय. आज तबल्याला नाही जमणार."

"कधी रे?"

"आत्ताच. म्हणजे सकाळी." तो जरा थांबला. "काकांना सॉरी सांगा ना. आणि सांभाळा हां."

फोन बंद झाला. मनगट मुरगळलेला माणूस समोरच्याला सांभाळा कशाला म्हणेल? जानकीने पेटीवरचा हात उचलला आणि सभामंडपाकडे पाहिलं.

चारकोपच्या त्या देवळात दर एकादशीला संध्याकाळी तिच्या नवऱ्याचं, चंद्रप्रकाश घाडींचं, कीर्तन व्हायचं. सेक्टरातल्या बायका खांबाला टेकून बसायच्या, कुणी भाजी निवडत बसे, एखादं मूल मांडीवर झोपून जाई. आज खांब मोकळे होते. कुंदाताई तेवढ्या हाराचं ताट घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या, विश्वस्त म्हणून यावंच लागलं असल्यासारख्या. समोर मात्र गर्दी होती. ताठ पाठीची, धुतलेल्या कपड्यांतली, अनोळखी माणसं. मांडी घालून बसलेली, आणि प्रत्येकाच्या हातात देवळातलेच टाळ. एकही जण दुसऱ्याशी बोलत नव्हता.

पहिल्या रांगेतून एक चाळिशीचा गृहस्थ उठला. शर्ट खोचलेला, हसरा चेहरा.

"वहिनी, तबला मी धरू का? बुवांचा खोळंबा नको."

जानकीने त्याला ओळखलं. अनिरुद्ध. दोनदा घरी येऊन गेला होता, चौकशी खात्यातून. दोन्ही वेळा त्याने वाकून नमस्कार केला, चहा पिताना बशी खालून धरली, आणि चंद्रप्रकाशना 'सर' किंवा 'काका' न म्हणता 'बुवा' म्हटलं. त्याचे वडील देवरुखकडचे कीर्तनकार होते म्हणे.

ती हो म्हणायच्या आत तो तबल्यामागे बसला होता. हातोडीने गट्टे ठोकून त्याने पेटीच्या सुरात तबला असा लावला, की तिच्या अंगावर काटा आला. सूर बिनचूक जुळला होता.

चंद्रप्रकाश घाडी वर्षानुवर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत एकच हिशेब करत आले होते. बॉम्ब पडला तर कुठवर काय उरेल. नकाशावर मध्ये एक टिंब आणि भोवती वर्तुळं. निवृत्त झाल्यावर त्या वर्तुळांनी त्यांची झोप घेतली. मग लहानपणी गावच्या बुवांकडून शिकलेलं कीर्तन त्यांनी पुन्हा उभं केलं. पूर्वरंगात भक्ती, उत्तररंगात शांतीचं आख्यान. शाळांतून, देवळांतून, वाकोल्याच्या बुद्धविहाराच्या अंगणातसुद्धा. सरकारने हे कानाआड केलं. म्हातारा माणूस गातो, गाऊ दे.

गेल्या एकादशीला मात्र ते एक वाक्य जास्त बोलले. प्रयोगशाळेत आता वर्तुळाच्या मधलं टिंब आपल्याच उपनगरांवर ठेवून बघितलंय, आणि आपली किती माणसं गेली तर चालतील याचा आकडा काढून ठेवलाय. भाजी निवडणारे हात थांबले. हा हिशेब ते निवृत्त झाल्यावर झालेला होता. म्हणजे आतल्या कुणीतरी तो त्यांना सांगितला होता.

तेवढ्यावरच थांबले असते तर निभावलं असतं. पण त्यांच्या गुरूंची शिकवण होती, की आख्यान ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव गादीवरून घ्यायचं. नारदाच्या गादीवर उभं राहून बिननावाचं आख्यान सांगणं म्हणजे चोरी. ऐन भरात त्यांना ते आठवलं आणि डोळे मिटून ते म्हणाले, "हे ज्याने दिलं त्याचं नाव आज घेतलं नाही. हे ऋण पुढच्या खेपेस याच गादीवर फेडीन."

दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध आला तेव्हा त्याने काही विचारलंच नाही. निघताना चपला घालत म्हणाला, "बुवा, एकादशीला येतो हं ऐकायला."

नाव जानकीला ठाऊक होतं. सुयोग. ह्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा. श्रावणात एका दुपारी तो येऊन हे सगळं सांगून गेला. तिने घावणे वाढले, तर त्याने एकाचाही तुकडा मोडला नाही. त्याची मुलगी प्रांजल यंदा पहिलीत गेली होती. नाव बाहेर पडलं तर तो किती वर्षांनी घरी येईल, देव जाणे.

घरात ती दोघं आता मिक्सर लावून बोलत. भांड्यात काही नसायचं. नुसता घरघराट, बोलणं कुणाच्या कानी जाऊ नये म्हणून.

"आजारी पडा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली होती.

"गादीवरून बोललंय गो मी."

"मग दुसरं कुणाचं तरी नाव घ्या."

"गादीवरून? खोटं?"

"देवाला कळत नाही का, कशासाठी ते?"

"देवाला कळता. माका पटूक होया ना." मिक्सर तापून वास यायला लागला तेव्हा त्यांनीच बटण बंद केलं.

आता ते फेटा बांधून, उपरणं सारखं करत गादीवर येऊन उभे राहिले. तबल्यामागे कोण बसलंय ते त्यांनी पाहिलं. एक क्षणभरच. मग चिपळ्या उचलल्या.

पूर्वरंग रंगला. रंगला म्हणजे, जिथे टाळ पडायचा तिथे पडला. इतक्या वर्षांत या मंडपात टाळ कधी एका वेळी पडला नव्हता, कुणी ना कुणी मागे राहायचंच. आज सगळे टाळ मिळून एकच आवाज येत होता. गजर झाला की सगळ्यांचे ओठ एकत्र हलायचे.

"एका गावात एकाने साप पाळला," बुवा सांगत होते. "का? तर शेजाऱ्याच्या अंगणात सोडायला. रोज दूध पाजतो, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. म्हणतो, बघा, आता शेजारी कसा सरळ राहील. आणि रात्री झोपताना? रोज रात्री बॅटरी घेऊन आपल्याच खाटेखाली बघतो."

एरवी इथे हशा उसळायचा. आज आधी काहीच झालं नाही. मग सगळे एकदम हसले आणि सगळे एकदम थांबले. गाभाऱ्यातल्या समईची वात तेवढी हलत राहिली. जानकीचा भाता अर्ध्यातच राहिला.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे कुंदाताईंनी पुढे येऊन बुवांना हार घातला, बुक्का लावला. जानकीला लावला. तबल्यापाशी त्यांचा हात अडखळला, तेव्हा अनिरुद्धनेच कपाळ पुढे केलं.

"साथीदाराचा मान असतो, ताई," तो मऊपणे म्हणाला.

मग त्याने हलका ठेका धरला. उत्तररंग उभा करण्याची वेळ झाली होती. साथ करणाऱ्याने बुवांच्या तोंडाकडे बघायचं असतं, शब्द कुठे संपतो ते कळावं म्हणून. अनिरुद्धची नजर बुवांच्या ओठांवर खिळली. त्याच्यामागे त्या सगळ्या माणसांचीही. जानकीने सूर धरून ठेवला. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

"आता जे आख्यान सांगणार," चंद्रप्रकाश म्हणाले, "ते माझं नाही. मागच्या खेपेस मी शब्द दिला होता. ज्याने ते मला दिलं, त्याचं नाव."

ते थांबले. ठेका चालूच होता, पावलं वाजावीत तसा. त्यांनी गाभाऱ्याकडे पाहिलं नाही, जानकीकडेही पाहिलं नाही.

"माझे सहकारी," ते म्हणाले. "कालकथित भाऊराव शेजवळ."

भाऊराव गेल्या वर्षी गेले होते. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेने त्यांना सल्ल्यासाठी ठेवून घेतलं होतं. म्हणजे बसत होतं सगळं. गेलेला माणूस, त्याला कोण काय करणार? जानकीच्या छातीतलं ओझं उतरलं आणि त्याच श्वासात दुसरं चढलं. देवभोळ्या माणसाने नारदाच्या गादीवरून खोटं सांगितलं होतं.

आणि त्याच वेळी समोरच्या सगळ्या माना मागे वळल्या. एकदम.

मागे, भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. पांढरी साडी, मांडीवर पर्स. द्रौपदीताई. भाऊरावांची बायको. वाकोल्याहून येऊन मघाशीच कधीतरी बसल्या होत्या. देवाला हात जोडत नसत, बुक्का घेत नसत, पण घाडींचं शांतीचं आख्यान चुकवत नसत. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्या कोण हे इथे घाडी नवरा-बायकोशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी झाडून सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

द्रौपदीताईंनी कुणाची नजर टाळली नाही. सावकाश मान हलवली. हो, अशी.

माना पुन्हा पुढे वळल्या. अनिरुद्धचा ठेका एका मात्रेनेही चुकला नव्हता.

आख्यान झालं, आरती झाली. माणसं जशी आली तशी, न बोलता उठली. बाहेर बाजूच्या पुनर्विकासाच्या जागेवर ब्रेकर सुरू होता, जमीन पायाखाली थरथरत होती. जानकी तशीच चपलांच्या कट्ट्यापाशी गेली. द्रौपदीताई सँडलचा पट्टा लावत होत्या.

"द्रौपदीताई, माफ करा हो. ह्यांनी न विचारता तुमच्या..."

"माफी कसली, वहिनी? माझ्याकडे परवाच येऊन गेले ते. तुमचा तो तबलजीच होता. आमचं घर न्याहाळत चहा प्यायला."

"काय विचारलं?"

"शेजवळसाहेबांनी घाडींना काही सांगितलं होतं का म्हणून. मी म्हटलं, हो, ह्यांनीच सांगितलं."

जानकी बघतच राहिली. "तुम्ही आधीच सांगितलंत? आमच्या ह्यांनी तर तुम्हाला काही..."

"काहीच नाही. बोलणंच कुठे झालंय आमचं?"

"मग दोघांच्या तोंडी एकच नाव कसं आलं?"

"आम्ही असलं काही मानत नाही," द्रौपदीताई म्हणाल्या. पण त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. मग ब्रेकरचा आवाज वाढेपर्यंत थांबून जानकीच्या अगदी जवळ आल्या. "शिवाय ते खोटं नाही. तो पोरगा आधी आमच्याकडेच आला होता. हे तेव्हा अंथरुणावर. ह्यांना म्हणाला, साहेब, हे मला एकट्याला पेलवत नाही. ह्यांनी सांगितलं, माझ्याच्याने आता उभं राहवत नाही, घाडी उभा राहतो, त्याला नेऊन दे. पण माझं नाव सांगू नको. पोराला धीर व्हायला पुढे किती महिने गेले, बघा."

जानकीने कट्ट्याला हात टेकला. म्हणजे आख्यान ह्यांच्याकडे भाऊरावांनीच धाडलं होतं. गादीवर खोटं झालंच नव्हतं.

"ह्यांना सांगते. जीव जाईल नाहीतर त्यांचा."

"सांगा की. जरा उशिरा सांगितलंत तरी चालेल म्हणा." द्रौपदीताई किंचित हसल्या. "तिकडच्या कागदांवर आमच्या ह्यांचं नाव कायम शेवटी असायचं, घाडीसाहेबांचं वर. आज माईकवरून एकट्याचं घेतलं. बरं वाटलं ऐकून." मग हसू गेलं. "पण सांगणार कुठे, वहिनी?"

ब्रेकर थांबला. द्रौपदीताई लांब सरकल्या. पर्स काखेत मारून, मान खाली न घालता, फाटकातून बाहेर पडल्या.

जानकी मंडपात परतली तेव्हा चंद्रप्रकाश गादीपासून दूर, जमिनीवर बसले होते. हार उतरवून बाजूला ठेवला होता. बोटं फेट्याची गाठ शोधत होती. चेहरा राखेसारखा. अनिरुद्ध तबल्याला गवसणी घालत होता.

"बुवा, पुढच्या एकादशीलाही मीच येऊ का साथीला?"

चंद्रप्रकाशनी मान हलवली. "नाही. आता मी उभा राहणार नाही."

"का बुवा?"

चंद्रप्रकाशची बोटं पुन्हा फेट्याकडे गेली. अनिरुद्धने गवसणीची नाडी ओढली.

"आमचे वडील, नाना, म्हणायचे," तो प्रेमाने म्हणाला, "गादीवरून खोटं बोललेल्या माणसाचे पाय तिथे पुन्हा ठरत नाहीत. कितीही मोठा बुवा असू दे. पण तुम्ही नुसतेच थकलात ना? दुसरं काही नाही ना?"

मंडप रिकामा होता. तरी मघाच्या त्या ताठ पाठी अजून समोर बसल्यात असं जानकीला वाटलं. चंद्रप्रकाशचे ओठ उघडले. त्यांना आता खरं बोलायचं होतं. ती त्या चेहऱ्याला उभ्या जन्माची ओळखत होती.

"एकादशीला कीर्तन आहे," जानकी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"हेच आख्यान आहे. नाव घेऊन. ह्यांना उपास सोसत नाही हल्ली, म्हणून असं होतं. तुम्ही या साथीला. हात छान आहे तुमचा."

अनिरुद्धने तिला नीट न्याहाळलं. मग त्याने वाकून नमस्कार केला, तबला जागेवर ठेवला आणि पाठ न फिरवता दोन पावलं मागे सरून निघून गेला. पण गेटपाशी त्याच्या बुटांचा आवाज थांबला, तो पुढे गेलाच नाही.

चंद्रप्रकाश बायकोकडे बघत होते. पुढच्या रांगेतल्या त्या माणसांकडे मघाशी त्यांनी बघितलं होतं, अगदी तसं.

"जानके," ते म्हणाले, "तू सुद्धा?"

तिने गेटकडे एक नजर टाकली. त्यांच्या डोक्यावरचा फेटा तिने हलक्या हाताने सोडवला, लांबच लांब कापड झटकलं, एक टोक आपल्या हातात ठेवलं आणि दुसरं त्यांच्यापुढे धरलं. एकट्याने फेट्याची घडी होत नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी ते टोक धरलं.